गोत्र विचारणारे घर

माझा स्वभाव मुळातच संशयी. आई सांगायची, लहानपणी मी प्रसादाचा पेढासुद्धा आधी हुंगून मग तोंडात टाकत असे. पुढे मास्तरकीत हा स्वभाव फार उपयोगी पडला, कारण पोरे कायम काहीतरी लपवत असतात. पण कॉलेजात असताना त्याने माझे जेवण पार बेचव करून टाकले. त्यातही शनिवारचे.

आता कॉलेजच्या मुलांना वसतिगृहे आहेत, खाणावळी आहेत, फी माफ करणारे फंड आहेत, आणि तरी ती कुरकुरतात. आमच्या वेळी गरीब मुलाची सोय म्हणजे वार. आठवड्याचे सात दिवस, सात घरे. सोमवारी एकाकडे जेवायचे, मंगळवारी दुसऱ्याकडे, असे करत रविवार गाठायचा. माझी मुंज झाली त्याच वर्षी वडील वारले होते. आई कोकणात घर धरून बसलेली. मी बोटीने मुंबईला आलो, गिरगावातल्या एका वाडीत दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर खोली घेतली आणि दारोदार हिंडून सात वार मिळवले. हे सात वार टिकले तर मी बी. ए. होणार, नाहीतर नाही, हे मला पक्के ठाऊक होते. एक वार तुटला की त्या दिवशी फुटाणे आणि पाणी. तीन-चार तुटले की गावची बोट.

वार राखणे हे काम सोपे नव्हते. सोमवारच्या बाई तूप वाढायला आल्या की पळी ताटावर यायची, तूप यायचे नाही. बुधवारचे यजमान मी घास घेतला की इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे विचारीत. गुरुवारचे गृहस्थ परळच्या एका गिरणीत कारकून होते. ते कामावर गेलेले असत आणि त्यांच्या मातोश्री चार हात दूर बसून माझ्या तोंडाकडे टक लावून बघत. भात दुसऱ्यांदा मागायचा नाही, कशाला नावे ठेवायची नाहीत आणि घरातल्या बायकांकडे मान वर करून बघायचे नाही, एवढे पाळले की वार टिकत असे.

त्या वर्षी पावसाळ्यात माझा शनिवार तुटला. त्या घरी गावाकडचे पाहुणे आले आणि मला "पुढं बघू" असे सांगण्यात आले. पुढे बघू म्हणजे काय ते वारावर जेवणाऱ्याला फोड करून सांगावे लागत नाही. काही शनिवार मी फुटाण्यांवर काढले. मग एके दिवशी त्याच घरच्या बाईंनी निरोप दिला की शेजारच्या वाडीत तिसऱ्या मजल्यावर एक म्हातारे जोडपे राहते, त्यांनी तुला शनिवारी जेवायला बोलावले आहे.

मी आनंदाने खोलीवर येऊन हे सांगितले, तर माझा सोबती वाचता वाचता उठून बसला. हा कायद्याचा अभ्यास करत होता. आम्ही सगळे त्याला वकीलसाहेब म्हणत असू आणि त्याला ते आवडत असे.

"बोलावलंय?" तो म्हणाला. "तू मागितला नाहीस?"

"नाही."

"अरे, वार मागावा लागतो. हाका मारून वार देणारा माणूस मी तरी पाहिला नाही. कुठंतरी पाणी मुरतंय."

मला ते पटले. मी स्वतःच तसा विचार करणार होतो, पण भुकेपुढे जरा मागे पडलो होतो.

शनिवारी गेलो. दोन खोल्यांचे बिऱ्हाड, समोर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. म्हातारे गृहस्थ दम्याने वाकलेले, एक वाक्य बोलायला दोन श्वास घेणारे. त्यांना मी काका म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला काकू. काकू ठेंगणी, काटक, आणि तिची नजर माणसाच्या आरपार जाणारी. तिने माझा पाट काकांच्या शेजारी मांडला. वार लावून जेवणाऱ्याला यजमानाच्या पंगतीला कोणी घेत नसे. ताटात वरणभात, अळूचे फदफदे, काकडीची कोशिंबीर, आणि भातावर तूप असे की ते ओघळून ताटाला लागले. मी तुपाकडे बघत राहिलो.

"सावकाश जेव हो," काकू म्हणाली. आणि मी पहिला घास तोंडात घातला तोच तिने विचारले, "गोत्र कुठलं रे तुझं?"

मी घास तसाच गिळला. ज्याच्या घरी उपवर मुलगी असते तोच अनोळखी मुलाला गोत्र विचारतो, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही कळते. मी "कौंडिण्य" असे पुटपुटलो. काकूने काकांकडे पाहिले, काकांनी मान हलवली, आणि मला न विचारता भाताची दुसरी मूद माझ्या ताटात पडली.

"आणि वडील?"

"वारले."

"कधी?"

"माझी मुंज झाली त्याच वर्षी."

"मग त्यांचं सगळं तूच केलंस?"

"हो."

"बरं," ती म्हणाली. बाप मेला हे ऐकून कोणी बरं म्हणते का? पण ती म्हणाली खरी.

खोलीवर वकीलसाहेबांनी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि निकाल दिला. "लग्न. दुसरं काही नाही. तुला बाप नाही, म्हणजे हुंड्याची घासाघीस करायला कोणी नाही. स्वस्तातला जावई! तुपावर गटवतायत तुला, लेका. बोहल्यावर चढलास की सासरा एखाद्या कचेरीत चिकटवून देईल आणि तुझी बी. ए. गेली बाराच्या भावात."

अशी उदाहरणे आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. आमच्याच वर्गातला एक हुशार मुलगा वार जेवता जेवता जावई झाला होता आणि आता गोदीत मालाच्या पेट्या तपासत बसत होता. मी घाबरलो. पण शनिवार सोडणे परवडण्यासारखे नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते तूपही सोडवत नव्हते.

मग मी मुलीचा शोध घेऊ लागलो. जिना चढताना गॅलरीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे आधी नजर. एकदा तिथे हिरवे परकर-पोलके दिसले आणि मी दोन पायऱ्या परत खाली उतरलो. तो परकर पुढे कितीतरी शनिवार माझा जीव खात होता. शेवटी तो शेजारच्या बिऱ्हाडातल्या, नाक गळणाऱ्या एका चिमुरडीचा निघाला. काकूच्या घरात मुलगी नव्हती, भाची नव्हती, पुतणीही नव्हती. पण मुलगी गावाला ठेवलेली असू शकते, असे वकीलसाहेबांचे म्हणणे. शेवटी मी धीर करून एका शनिवारी उलट विचारले, "काकू, आपलं गोत्र कोणतं?"

"कौंडिण्यच की रे," ती म्हणाली. "म्हणून तर बरं वाटलं."

मी जिना अक्षरशः उड्या मारत उतरलो. सगोत्रात लग्न होत नाही. सुटलो! पण वाडीच्या तोंडाशी येईपर्यंत माझा आनंद आटला. लग्न करायचे नाही, तर गोत्र एक निघाल्याचे बरे का वाटावे?

"दत्तक," वकीलसाहेब म्हणाले. त्यांनी पुस्तकसुद्धा उघडले नाही. "म्हातारा निपुत्रिक आहे. दत्तक घेताना सगोत्र मुलगा असला तर उत्तम. बाप नसला तर आई देऊ शकते. आता तुझ्या आईला निरोप गेलाच समज."

लग्नापेक्षा हे मला वाईट वाटले. आईला मी एकुलता एक. पुढच्या शनिवारी मी जेवताना सारखे "माझी आई असं म्हणते, माझ्या आईला तसं आवडतं" करत राहिलो. काकूने ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "आईला पत्र धाडत जा हो नेमानं." यातही मला डाव दिसला.

दत्तकाचे कोणी काढीना आणि मी विचारीना, असे चालले असतानाच शहरात गाठीचा ताप आला. आधी मांडवीकडे आला म्हणाले, आणि मग तो कुठे आहे नि कुठे नाही हे सांगता येईना. काखेत किंवा जांघेत गाठ आणि ताप, की माणूस संपला. तपासणीची माणसे घरात शिरून काखा चाचपीत, संशय आला की माणसाला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. लोक आजारी माणूस कपड्यांच्या ढिगामागे लपवू लागले. शेजाऱ्याकडे खोकल्याचा आवाज आला की लोक आपले दार लावून घेत. माझ्यासारख्या संशयी माणसाला आता चारचौघांत उठून दिसण्याचेही कारण उरले नाही, सगळे गिरगाव माझ्यासारखे झाले होते.

आणि लोक पळाले. बोटी भरून कोकणात गेले. माझा सोमवार एका सकाळी कुलूप होऊन दारावर लोंबकळत होता. मग मंगळवार गेला, मग शुक्रवार. बुधवारचे यजमान स्पेलिंगे विचारायचे राहून गेले म्हणून की काय, जाताना माझ्याशी बोललेसुद्धा नाहीत. रविवारही गेला. गुरुवारच्या कारकुनाला गिरणी सोडता येईना, म्हणून तेवढा वार राहिला, आणि हा शनिवार. कॉलेज अर्धेअधिक ओस पडले, तरी परीक्षा होणार असे सांगत होते. मी घरी गेलो असतो तर आई हरखली असती, पण वर्ष बुडाले असते. पुन्हा वर्षभर सात घरे कोण देणार होते? मी दोन वारांवर आणि फुटाण्यांवर राहिलो.

"तू जाणार नाहीस ना रे?" काका एका शनिवारी म्हणाले. त्यांचा दमा फार वाढला होता. त्यांनी माझे मनगट धरले होते आणि ते सोडीनात.

"नाही. परीक्षा आहे."

"हां," असे म्हणून त्यांनी डोळे मिटले. माझ्या परीक्षेची एवढी काळजी ह्यांना का, असे मला वाटून गेले.

त्यानंतरच्या शनिवारी मी दुपारी गेलो तेव्हा वाडीतली उरलेली दोन-तीन दारेही आतून लावलेली होती. जिन्यात फोडणीचा वास नव्हता. पहिले माझ्या मनात आले ते हेच, की आजचे जेवण गेले. भूक लागलेल्या माणसाच्या मनात दुसरे काय येणार? वर काकूचे दार सताड उघडे होते. काका जमिनीवर, कांबळ्यावर निजलेले आणि ती शेजारी बसलेली.

"आज जेवण नाही रे," ती म्हणाली. "सकाळीच गेले."

मी आत टाकलेले पाऊल मागे घेतले आणि उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. तिला समजले. ती उठली, काकांचा हात धरून वर केला, बाराबंदी बाजूला सारली आणि काख मला दाखवली. मग दुसरी.

"नीट बघ," ती म्हणाली. "गाठ नाही. दमाच होता. शेजारपाजाऱ्यांना ओरडून सांगितलं, कोणी दार उघडत नाही. तपासणीची माणसं येऊन बघून गेली. त्यांना पटलं, पण शेजाऱ्यांना पटत नाही. तू डोळ्यांनी बघ."

मी बघितले. गाठ नव्हती.

"आता तुझं गोत्र लागेल मला," ती म्हणाली.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. गोत्र. वडील नाहीत, म्हणजे मिशा काढायला, अग्नी द्यायला अडचण नाही. त्यांचं सगळं तूच केलंस, म्हणजे हात बिचकणार नाहीत. लग्नाला गोत्र वेगळे लागते आणि मढ्याला तेच चालते, हे वकीलसाहेबांच्या कायद्यात नव्हते आणि माझ्या डोक्यातही आले नव्हते.

"म्हणजे ह्यासाठी मला जेवायला घालत होतात?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"तर काय! मूल नाही, पुतण्या नाही, गावात घर म्हणून उरलं नाही. बेवारशासारखं कोणीतरी उचलून नेतील ह्याची ह्यांना भारी धास्ती. आपल्या कौंडिण्याच्या हातून अग्नी मिळाला पाहिजे, हेच सारखं घोकायचे. तुझ्या आधीच्या शनिवारच्या बाईंकडून कळलं, एक मुलगा आहे म्हणून. खोटं कशाला बोलू?"

मला विलक्षण संताप आला. मी इतके महिने मुलगी शोधत होतो, आईपासून मला कोणी तोडेल म्हणून झुरत होतो, आणि ही बाई मला ह्या एका दिवसासाठी पोसत होती. ती पुढे बोलत होती. "तुझी परीक्षा आहे, ठाऊक आहे मला. अग्नी दिलास तर दहा दिवस सूतक. तुझ्या दुसऱ्या घरी उभं करणार नाहीत, आणि ह्या दिवसांत मढ्याला हात लावलास कळलं की सूतक फिटल्यावरही करणार नाहीत. नाही म्हणालास तरी माझं काही म्हणणं नाही. जेवलास ते जेवलास. ते तुझ्या अंगी लागू दे."

गुरुवार जाणार, हे तिने मला सरळ सांगून टाकले. मी उंबऱ्यावर उभा राहून विचार करत होतो असे आज म्हणवते, पण विचार कसला? आजवर मला ज्यांनी ज्यांनी जेवायला घातले त्यांतले कोणी पुण्यासाठी घालत होते, कोणी चारचौघांत नाव व्हावे म्हणून, आणि तोंडाने मात्र सगळे "गरिबाचा मुलगा आहे हो" असे म्हणत. आपल्याला काय हवे आहे ते सरळ तोंडावर सांगणारी ही पहिलीच बाई मला भेटली होती. संशय घ्यायला तिने काही जागाच ठेवली नाही. मी चपला काढल्या आणि आत गेलो.

वकीलसाहेब खांदा द्यायला आले. नाकाला कापराचा रुमाल बांधून आले, पण आले. त्यांनीसुद्धा आधी काख बघून घेतली. काकूने ती त्यांनाही दाखवली, न रागावता. तीन माणसे मजुरीने मिळाली. भटजी पळून गेलेले, तेव्हा सोनापूरच्या स्मशानात जो भेटला त्याने घाईघाईने मंत्र म्हटले. मडके धरून मी पुढे चाललो होतो आणि रस्त्यातली माणसे आम्हाला पाहून पलीकडच्या बाजूला होत होती. वडिलांच्या वेळी माझ्या हातात मडके कोणीतरी मागून धरून ठेवले होते. ह्या वेळी ते मला एकट्याला पेलले, आणि मला रडू आले. काकांसाठी की वडिलांसाठी ते मला सांगता येणार नाही.

दहा दिवस मी त्याच घरात, बाहेरच्या खोलीत राहिलो. काकू मऊ भात करून वाढे आणि पुन्हा आत जाऊन बसे. मी पुस्तके आणून वाचत असे. मला शिवायचे नाही म्हणून वकीलसाहेब ती उंबऱ्यातून माझ्याकडे सरकवीत. दहाव्या दिवशी न्हावी आला तो दोघांसाठी आला. माझी दाढी-डोके झाल्यावर मला बाहेर पाठवण्यात आले आणि मी गॅलरीत कठड्याला धरून उभा राहिलो. आत आलो तेव्हा ती तांबड्या लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढे ओढून चुलीपाशी बसली होती. माझ्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून ती म्हणाली, "परीक्षेत डोक्याला वारा लागेल हो तुला." मला तिच्याकडे बघवेना.

तेरावा झाल्यावर मी पुस्तके बांधू लागलो. गुरुवारच्या घराने निरोप पाठवून दार बंद केले होतेच. काकू म्हणाली, "शनिवारचं आता सोड. रोज ये जेवायला."

माझा हात गाठोड्यावरच थांबला. "रोज?" मी विचारले. "ते का?"

"अरे, मी अजून आहे ना मागं," ती म्हणाली. "माझं कोण करणार?"

यात लपवाछपवी काही नव्हती. मी रोज जाऊ लागलो, रोज जेवलो, आणि परीक्षा पास झालो. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. ती भिंतीला टेकून मला जेवताना बघायची आणि मला वाटायचे, ही माझी प्रकृती जोखते आहे. मी खोकलो की सुंठीचा काढा करायची. मला वाटायचे, तिला आपले काम धडधाकट माणसाकडून करून घ्यायचे आहे, दुसरे काय? पुढे मला शाळेत नोकरी लागली, तरी मी दर शनिवारी तिच्याकडे जेवायला जात राहिलो, आणि दर शनिवारी हाच विचार तोंडी लावायला असायचा.

एकदा मला थंडी वाजून ताप आला होता. साधा हिवताप. ताप उतरल्यावर शनिवारी जिन्याचा कठडा धरत वर गेलो. काकू भात वाढत होती. मी थट्टेने म्हणालो, पण ती काही निव्वळ थट्टा नव्हती, "काकू, मीच आधी गेलो असतो तर तुमच्या अग्नीची पंचाईतच झाली असती, नाही?"

तिने भाताचे पातेले खाली आपटले. इतक्या वर्षांत मी तिला रागावलेली पाहिली नव्हती.

"मेल्या," ती म्हणाली, "मग मला तो अग्नी घेऊन काय करायचाय?"

आणि पदराने तोंड पुसून तिने पातेले उचलले आणि मला भात वाढला. वरून तूप घातले, ते ओघळून ताटाला लागले. मी खाली मान घालून जेवलो.